रिकामी खाट हा अपव्यय आहे काय? : रुग्णप्रवाहाच्या दोन विचारपद्धतींची चिकित्सा

१

रुग्णालयातील रांग हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाल्याला आता सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. १९५२ साली नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने बाह्यरुग्ण विभागातील रांगा आणि भेटीच्या वेळा यांसंबंधीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने त्याने काल्पनिक बाह्यरुग्ण विभाग चालविले आणि रुग्णास किती थांबावे लागते व डॉक्टरास किती वेळ मोकळे बसावे लागते, याचा हिशेब मांडला. डॉक्टरांचे एक मिनिटही फुकट जाऊ नये म्हणून रुग्णांना वेळेआधीच बोलावून बसवून ठेवण्याचा प्रघात त्या काळी सार्वत्रिक होता. या प्रघातात डॉक्टरांच्या वाचलेल्या थोड्या मिनिटांची किंमत रुग्णांच्या तासांनी चुकती होत होती, हे बेलीने दाखवून दिले. आरंभी दोन रुग्णांना एकदम बोलवावे व नंतर तपासणीस लागणाऱ्या सरासरी वेळाच्या अंतराने एकेकास बोलवावे, असा त्याचा साधा उपाय होता.

या निबंधात पुढील सर्व वादाचे बीज आहे. वाया जाणारा वेळ कोणाचा, हा तो वाद होय. आज या विषयावर जे विपुल लेखन होत आहे, त्यात दोन विचारपद्धती प्रमुख दिसतात. पहिली जपानी मोटार-कारखान्यातून आलेली ‘लीन’ पद्धती, आणि दुसरी गणकयंत्रावर रुग्णालयाचे सांख्यिकीय प्रतिरूप चालवून पाहण्याची, जिला सिम्युलेशन म्हणतात ती प्रतिरूपणाची पद्धती. या दोहोंचा संयोग घडवावा, असे प्रतिपादन गेल्या काही वर्षांत वारंवार केले गेले आहे. त्या प्रतिपादनाचे मोल ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. हा संयोग उपकारक आहे यात शंका नाही. परंतु त्याचे जे कारण सामान्यतः सांगितले जाते ते गौण आहे, आणि खरे कारण सांगितले गेल्यास लीन पद्धतीच्या एका मूलभूत गृहीतकास धक्का बसतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

‘लीन’ या शब्दावरून मराठी वाचकास नम्रतेचा बोध होण्याचा संभव आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ मात्र ‘फाजील मेद नसलेला’ असा आहे. १९८८ साली जॉन क्रॅफ्सिक याने एका लेखात टोयोटा कंपनीच्या उत्पादनपद्धतीस हे विशेषण लावले, आणि १९९० साली वोमॅक, जोन्स व रूस यांच्या ग्रंथाने ते जगभर रूढ केले. पद्धतीचा प्रमुख शिल्पकार ताइची ओनो हा होता. त्याने उत्पादनातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले : गरजेहून अधिक उत्पादन, थांबणे, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष वस्तू. जपानी भाषेत अपव्ययास ‘मुदा’ म्हणतात. परंतु टोयोटाच्या विचारात मुदाच्या जोडीला आणखी दोन दोष सांगितलेले आहेत. एक ‘मुरा’, म्हणजे कामातील अनियमित चढउतार, आणि दुसरा ‘मुरी’, म्हणजे माणसावर वा यंत्रावर पडणारा अतिभार. या तिन्हींचा परस्परसंबंध ध्यानात घेतल्यावाचून या पद्धतीचे मर्म कळत नाही.

रुग्णालयात या पद्धतीने खरोखर काय साधले, याचे एक चांगले उदाहरण ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड शहराच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरचे आहे. तेथे २००३ साली तातडीच्या उपचार-विभागातील गर्दी हाताबाहेर गेली असता रुग्णाच्या वाटचालीचा दारापासून खाटेपर्यंत नकाशा काढण्यात आला. आजाराच्या निकडीप्रमाणे रुग्णांच्या पाच श्रेणी पाडण्याची तेथे रीत होती. तीमुळे खालच्या श्रेणीतील रुग्ण सतत मागे ढकलला जात असे. त्याच्यानंतर आलेला दरेक अधिक निकडीचा रुग्ण त्याच्या पुढे जाई. नकाशा पाहिल्यावर कर्मचाऱ्यांनी रुग्णांचे दोन ओघ केले. उपचारानंतर बहुधा घरी जाणारे एका ओघात व बहुधा दाखल करावे लागणारे दुसऱ्या ओघात घालून, जिवाची निकड असणारे वगळता, ज्या-त्या ओघात येण्याच्या क्रमाने रुग्ण पाहण्यास त्यांनी आरंभ केला. विभागातील एकूण मुक्काम घटला आणि तपासणीवाचून कंटाळून निघून जाणाऱ्यांची संख्याही कमी झाली.

या प्रयोगाचे यश कशात होते? कोणाचे हातपाय अधिक वेगाने हलविण्यात ते नव्हते. जे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, परंतु ज्याची एकसंध जाणीव कोणालाच नव्हती, ते नकाशाने दाखविले. डॉक्टर आपले काम जाणत होते, परिचारिका आपले, क्ष-किरण विभाग आपले. रुग्णाची संपूर्ण वाट मात्र एकट्या रुग्णासच ठाऊक होती. काम करणाऱ्या माणसांनाच एकत्र बसवून ही वाट पाहावयास लावणे, हा लीन पद्धतीचा फार मोठा गुण होय. तिच्यावरील पुढील आक्षेप वाचताना या गुणाचे विस्मरण होता कामा नये.

३

दोष आरंभ होतो तो ओनोच्या सात अपव्ययांपैकी ‘साठा’ या शब्दापाशी. कारखान्यात वापराची वाट पाहत पडलेला सुटा भाग हा गुंतलेला पैसा असतो. रुग्णालयात त्याचे प्रतिरूप कोणते? अनेक सल्लागारांनी व प्रशासकांनी त्याचे उत्तर ‘रिकामी खाट’ असे गृहीत धरले. या गृहीतकाची परीक्षा शब्दांनी होणार नाही. त्यासाठी अंकगणिताकडे वळले पाहिजे.

एका वॉर्डात दररोज सरासरी १२ रुग्ण दाखल होतात व प्रत्येकाचा मुक्काम सरासरी ५ दिवसांचा असतो, असे समजू. जॉन लिटल याने १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार तेथे सरासरी ६० खाटांची गरज राहील. वरवर पाहता ६० खाटा पुरेशा वाटतात. परंतु सरासरी ही प्रत्यक्षात क्वचितच घडणारी गोष्ट आहे. रुग्ण परस्परांना विचारून आजारी पडत नाहीत. ते आपापल्या वेळी येतात असे धरल्यास खाटांची दैनंदिन गरज साठाच्या आसपास वरखाली होत राहील, आणि या चढउताराचे प्रमाण विचलन साठाच्या वर्गमूळाइतके, म्हणजे पावणेआठच्या सुमारास येईल. वॉर्डात ६६ खाटा ठेवल्यास सरासरीने ९१ टक्के खाटा भरलेल्या दिसतील आणि हिशेबनीस संतुष्ट होईल. पण सुमारे पाच दिवसांतून एक दिवस खाटा अपुऱ्या पडतील. खाटा ७० केल्यास भरलेल्या खाटांचे प्रमाण ८६ टक्क्यांच्या आत येईल आणि तुटवडा सुमारे अकरा दिवसांतून एकदा भासेल. या चार अधिक खाटांपैकी बऱ्याच बहुतेक दिवशी रिकाम्या दिसतील. त्यांना अपव्यय म्हणावे काय? ज्या दिवशी त्या भरतात, त्याच दिवसासाठी त्यांचे अस्तित्व आहे.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. १९९९ साली बॅगस्ट, प्लेस व पॉस्नेट यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपले प्रतिरूप प्रसिद्ध केले. भरलेल्या खाटांचे सरासरी प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेले की तातडीच्या रुग्णास खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो, आणि ते ९० टक्के वा अधिक झाले की खाटांचा नित्य तुटवडा व वारंवार आणीबाणी उद्भवते, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे ‘८५ टक्के’ हा आकडा सूत्रासारखा जगभर पाठ केला गेला. परंतु सूत्र पाठ करणाऱ्यांनी त्यामागील विचार बहुधा सोडून दिला. वरील उदाहरणातील वॉर्ड चतुर्थांश केला, म्हणजे दररोज ३ रुग्ण व सरासरी गरज १५ खाटांची असे धरून तेथे १८ खाटा ठेवल्या, तर भरलेल्या खाटांचे प्रमाण ८३ टक्केच राहील. तरीही पाच-सहा दिवसांतून एकदा खाट अपुरी पडेल. लहान वॉर्डास मोठ्या वॉर्डापेक्षा प्रमाणाने अधिक मोकळीक लागते. यास्तव ८५ टक्के हा निसर्गनियम नव्हे. विशिष्ट आकाराच्या व विशिष्ट चढउताराच्या रुग्णालयासाठी निघालेले ते एक उत्तर आहे. प्रत्येक रुग्णालयाने आपले उत्तर स्वतः शोधले पाहिजे, आणि ते शोधण्याचे साधन प्रतिरूपण होय.

या मोकळीकीचा अभाव किती महाग पडतो, याचे मोजमापही आता झालेले आहे. इंग्लंडमधील २०१६ ते २०१८ या काळातील दाखल रुग्णांच्या नोंदींचा एक व्यापक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. आगमनापासून सहा ते आठ तासांच्या पुढे ज्यांना वॉर्डात खाट मिळाली नाही, अशा दर ८२ रुग्णांमागे तीस दिवसांत एक मृत्यू अधिक होतो, असे त्यात आढळले. रिकाम्या खाटेची किंमत हिशेबाच्या वहीत दिसते. भरलेल्या खाटेपायी थांबलेल्या रुग्णाची किंमत तेथे नोंदली जात नाही, एवढाच त्या दोहोंतील फरक आहे.

४

लीन व प्रतिरूपण यांच्या संयोगाचा सर्वांत पद्धतशीर पुरस्कार स्ट्युअर्ट रॉबिन्सन, झोई रॅडनर, निकोला बर्जेस व क्लेअर वर्दिंग्टन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळतो. या दोन पद्धती एकमेकींस पूरक असूनही बहुधा स्वतंत्रपणे वापरल्या जातात, अशी खंत व्यक्त करून त्यांनी ‘सिमलीन’ या नावाने प्रतिरूपणाची तीन कार्ये सांगितली. कर्मचाऱ्यांना लीनची तत्त्वे शिकविणे हे पहिले. त्यांच्या बैठकीत लगोलग साधे प्रतिरूप उभारून चर्चेस चालना देणे हे दुसरे. आणि योजलेल्या बदलाचे परिणाम आधी अजमावणे हे तिसरे.

या निबंधातील दुसरे कार्य सर्वांत मोलाचे आहे. प्रतिरूपणाच्या शास्त्राचा जुना रोग असा की प्रतिरूपे उत्तम होतात, परंतु ती कपाटात राहतात. सॅली ब्रेल्सफर्ड व तिच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या क्षेत्रातील वाङ्‌मयाचा जो आढावा घेतला, त्यात प्रत्यक्षात अंमलात आलेल्या अभ्यासांचे प्रमाण सुमारे पाच टक्केच आढळले. कारण उघड आहे. महिनोन्‌महिने आकडे गोळा करून तज्ज्ञाने आणलेले प्रतिरूप हे तज्ज्ञाचे असते, वॉर्डाचे नसते. परिचारिका व डॉक्टर यांच्या समोर, त्यांच्याच अंदाजांवरून उभारलेले ओबडधोबड प्रतिरूप अचूकतेत उणे ठरेल. परंतु ते त्यांचे असेल. लीनने माणसे एकत्र आणावीत आणि प्रतिरूपणाने त्यांच्या हाती भविष्य पडताळण्याचे साधन द्यावे, ही कल्पना निःसंशय ग्राह्य आहे.

परंतु येथेच निबंधाची मर्यादाही जाणवते. तीनही कार्यांत प्रतिरूपणास लीनच्या सेवेत ठेवलेले आहे. ते शिकविते, चालना देते, अजमाविते. पण लीनच्या गृहीतकांस प्रश्न विचारीत नाही. वास्तविक तेच त्याचे श्रेष्ठ कार्य ठरावे. सरासऱ्यांवर काढलेल्या नकाशात रिकामी खाट अपव्यय म्हणूनच दिसणार. चढउतार हिशेबात घेणाऱ्या प्रतिरूपात तीच खाट रुग्णालयाचा श्वास म्हणून दिसते. दोन साधने एकाच वस्तूविषयी भिन्न साक्ष देत असतील, तर त्यांना पूरक म्हणून हात जोडून सोडणे पुरेसे नाही. कोणती साक्ष खरी, हे सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. रिकाम्या खाटेपुरती साक्ष प्रतिरूपणाची खरी आहे.

लीनच्या या अडचणीची दुसरी बाजू त्याच वर्षी रॅडनर हिनेच मथायस होल्वेग व जस्टिन वेअरिंग यांच्यासह लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात स्पष्ट झाली आहे. मोटारीचा ग्राहक व तिचे पैसे देणारा एकच असतो. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत उपचार घेणारा एक व ते विकत घेणारी यंत्रणा दुसरी असते. शिवाय रुग्णालयाची रचना उपलब्ध क्षमतेवर आधारलेली असल्याने वाचविलेल्या वेळाचा वा साधनांचा उपयोग करून घेण्याची मुभा त्यास मर्यादितच असते. सिमलीनच्या आशावादाशेजारी हे प्रतिपादन ठेवून वाचले असता विषयाचे सम्यक चित्र हाती येते.

टोयोटाच्या मूळ विचाराशी लीनचे रुग्णालयीन अनुयायी कितपत एकनिष्ठ राहिले, हाही प्रश्न आहे. त्यांनी मुदा उचलला आणि मुरा व मुरी यांना मागे ठेवले. चढउतार कायम ठेवून साठा तेवढा काढून टाकला, की सारा भार माणसांवर येतो आणि मुदा जाऊन मुरी उरतो. खुद्द टोयोटानेही २०११ सालच्या भूकंपानंतर आपल्या पुरवठादारांकडून काही महिने पुरेल इतका इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा साठा ठेवून घेण्याचे धोरण स्वीकारले. साठा हा अनिश्चिततेचा विमा आहे, हे जन्मदात्याने मान्य केले असता अनुयायांनी अमान्य करण्याचे कारण उरत नाही. मुराकडे लक्ष दिल्यास काय साधते, हे बोस्टनच्या यूजीन लिटवॅक याच्या कार्यावरून दिसून येते. रुग्ण केव्हा आजारी पडेल हा चढउतार नैसर्गिक आहे. परंतु नियोजित शस्त्रक्रिया आठवड्याच्या ठरावीक दिवशीच गर्दीने करण्याची रीत हा कृत्रिम चढउतार आहे, आणि तो माणसांनीच निर्माण केलेला असल्याने माणसांना काढून टाकता येतो. शस्त्रक्रियांचे वेळापत्रक समतोल केल्यास त्याच खाटा अधिक रुग्णांना पुरतात. लीनच्या तत्त्वांचा खरा आविष्कार खाटा घटविण्यात नसून यात आहे.

५

प्रतिरूपणाची साक्ष ग्राह्य मानली तरी त्याचे निष्कर्ष डोळे मिटून स्वीकारावेत असे नाही. प्रतिरूपात जे घातले जात नाही, ते त्यातून निघत नाही. १९५२ च्या निबंधातील प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो : कोणाचा वेळ मोजावयाचा? डेव्हिड लेन, कॅमिला मोनेफेल्ट व जोनाथन रोझेनहेड यांनी २००० साली लंडनच्या एका तातडीच्या विभागाचे प्रतिरूप प्रसिद्ध केले. खाटा कमी केल्या तर त्या विभागातील प्रतीक्षा वाढेल अशी सामान्य अपेक्षा असते. प्रतिरूपात ती फारशी वाढली नाही. वाढ झाली ती रद्द होणाऱ्या नियोजित शस्त्रक्रियांत. जेथे मोजमाप चालू होते तेथे सर्व ठीक दिसत होते, आणि दुःख जेथे मोजले जात नव्हते तेथे सरकले होते.

इंग्लंडच्या चार तासांच्या उद्दिष्टाचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. २००० सालच्या योजनेतून निघालेले हे उद्दिष्ट आधी ९८ टक्के रुग्णांपुरते व २०१० पासून ९५ टक्क्यांपुरते ठेवण्यात आले. त्यामुळे प्रतीक्षा खरोखर घटली, हे नाकारता येणार नाही. परंतु चार तास पुरे होण्याच्या ऐन तोंडावर रुग्ण हलविण्याची झुंबड उडते, हेही नोंदींच्या विश्लेषणात आढळून आले. पुढे खाटांवरील ताण वाढत गेल्यावर २०१५ नंतरच्या वर्षांत ते उद्दिष्ट देशपातळीवर हुकतच राहिले. आकडा हा आरसा आहे तोवर उपयोगी असतो. तोच साध्य बनला की आरशावरच रंग चढविला जातो.

महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालयांना ही साधने लावू पाहणाऱ्या अभ्यासकाने हा धडा विशेषत्वाने ध्यानी ठेवला पाहिजे. वर सांगितलेली प्रतिरूपे असे गृहीत धरतात, की खाट नसेल तर रुग्ण तातडीच्या विभागात थांबतो व ते थांबणे नोंदविले जाते. येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत रुग्णास बहुधा परत पाठविले जात नाही. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी पडते. नोंदीनुसार त्याची प्रतीक्षा शून्य ठरते आणि वॉर्ड शंभर टक्क्यांहून अधिक भरलेला दिसतो. जी रांग इतरत्र दाराशी उभी असते, ती येथे जमिनीवर निजलेली आहे. अशा ठिकाणी परदेशी प्रतिरूप जसेच्या तसे चालविल्यास ते गर्दी नाहीच असे सांगेल.

दुसरी गोष्ट नातेवाइकांची. केसपेपर काढणे, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचविणे, अहवाल आणणे, बाहेरून औषध आणणे ही कामे येथे बहुतांशी रुग्णाचा भाऊ, मुलगा किंवा शेजारी करतो. लीनच्या नकाशात कर्मचाऱ्यांची पावले मोजली जातात. या माणसाची पावले पगारपत्रकात नसल्याने नकाशातही येत नाहीत. त्याची बुडालेली मजुरी ही रुग्णालयाच्या प्रवाहाची सर्वांत मोठी गुप्त किंमत असू शकेल. ती नकाशात आणल्यावाचून काढलेला कोणताही निष्कर्ष कर्मचाऱ्यांच्या सोयीचा असेल, रुग्णाच्या नव्हे.

सारांश, लीन व प्रतिरूपण यांचा संयोग इष्ट आहे. परंतु एकाने दुसऱ्याची आज्ञा पाळावी म्हणून नव्हे, तर एकाने दुसऱ्याची चूक दाखवावी म्हणून. लीन पद्धतीने प्रतिरूपणकारास वॉर्डात आणावे आणि माणसांची वाट दाखवावी. प्रतिरूपणाने लीनच्या उपासकास सरासरीच्या मोहातून सोडवावे आणि कोणती मोकळीक अपव्यय आहे व कोणती मोकळीक आधार आहे, हे दाखवावे. कागदपत्रांची पुनरुक्ती, अहवालासाठी होणारे हेलपाटे, डॉक्टरांची सही न झाल्याने संध्याकाळपर्यंत अडलेला डिस्चार्ज हे खरे अपव्यय होत, आणि ते निपटून काढल्यास कोणाचेच नुकसान नाही. परंतु उद्या येणाऱ्या, अद्याप आजारीही न पडलेल्या माणसासाठी राखलेली खाट या यादीत बसत नाही. ती रिकामी दिसत असली, तरी तिचे काम चालूच असते.